तिसा नदी, अडतीस अंश

सकाळी सहाला विल्मोश म्हणाला होता,
दहाच्या आत सावली गाठू.
आता साडेबारा. सावली आहे ती
आमच्याच सायकलींच्या पोटाखाली,
तीही ताटलीएवढी.

बांध सरळ. इतका सरळ
की रुसून बसायलाही एखादं वळण नाही.
डावीकडे सूर्यफुलं, माना टाकलेली,
उजवीकडे वाळुंजांची रांग, तिच्यामागे नदी,
असं नकाशा म्हणतो. मला अजून दिसलेली नाही.
डांबर मऊ पडलंय; चाकं
चिकटपट्टी सोलत गेल्यासारखी चालतात.
बाटलीतल्या पाण्यात
चहाची पूड तेवढी टाकायची राहिली आहे.

तीस वर्षं त्याने सोल्नोकच्या स्टेशनात
गाड्यांच्या वेळा लिहिल्या.
हिवाळाभर गुडघ्यावर गरम पिशवी ठेवून
हा प्रवासही लिहिला, आलेखाच्या कागदावर:
नऊ चाळीस, पंपाचं घर, पाणी.
अकरा दहा, चर्च, सावली (उत्तर बाजू).
पंपाच्या घराला कुलूप होतं.
चर्चच्या उत्तरेला एक ट्रक उभा होता,
आणि ट्रकच्या सावलीत ट्रकवाला.
मी काही बोलले नाही.
न बोलण्याचाही आवाज होतो म्हणे,
त्याने मागे वळून पाहिलं.

बारा पन्नास, होडीघाट. हे मात्र खरं निघालं.
खांबाला रुळाचा तुकडा टांगलेला, साखळीला हातोडी.
दोन टोले, म्हणजे पलीकडून फेरीबोट येते.
विल्मोशने दोन दिले. मग दोन.
मग सहा, आणि सातवा माझ्याकडे बघत.

पलीकडे फेरीबोट होती, वाळूवर,
जेवून आडव्या झालेल्या म्हशीसारखी.
आली ती एक मुलगी, वल्ह्याच्या छोट्या नावेतून,
नाकाला सोलाणं निघालेलं, वय अकराच्या आसपास.
किंचो, म्हणाली, मी देझ्यो आजोबांची.
नदीच खाली गेली. आजोबा झोपलेत.
अर्ध्यापर्यंत चाला, तिथे वाळूचा पट्टा आहे.
पुढचं खोल आहे, ते मी नेते.
सायकलीचे तीनशे फोरिंट, माणूस फुकट,
एका वेळी एकच काहीतरी.

तर आम्ही बूट घालूनच उतरलो.
काठाशी पाणी कोमट, कुणाच्या तरी
वापरून झालेल्या आंघोळीसारखं,
मग घोट्याला गार, गुडघ्याला गार,
मांडीला इतकं गार
की मी मोठ्याने शिवी दिली
आणि किंचो हसली, तिला नवीन नसावी.
विल्मोश अजून काठावरच होता,
गुडघ्याचा पट्टा सोडत, त्याची घडी घालत.

माझी सायकल आधी गेली.
हँडल नावेच्या टोकाशी, मागचं चाक
रिकामंच फिरत राहिलेलं, पिशव्यांसकट:
पाकीट, गोळ्या, चष्मा, घराची किल्ली.
वाळूच्या पट्ट्यावर मी एकटी, पोटऱ्यांपर्यंत नदी.
पलीकडे माझं सगळं सामान,
अलीकडे माझा नवरा, हातात आलेखाचा कागद, उंच धरलेला,
पाणी अजून त्याच्या नडगीलाही लागलं नव्हतं तरी.
मधे मी, हात मोकळे.
हातांचं काय करायचं ते पटकन सुचेना.
मी ते पाण्यात घातले.
बोटांमधून काहीतरी बारीक, जिवंत, गेलं.
वरच्या अंगाला कुठेतरी
कलिंगडाची साल वाहत येत होती, लाल बाजू वर,
तिच्यावर गांधीलमाशी, निवांत,
तिकीट काढल्यासारखी बसलेली.

किती वाजले, तो तिकडून ओरडला.
घड्याळ पिशवीत होतं, पिशवी पलीकडे.
ऐकू आलं नाही, असा मी हात हलवला.

नाव परत आली. किंचोने वल्हं रोवलं,
बसा एतेल्का काकू, म्हणाली.
(नाव कधी सांगितलं होतं? बहुधा त्यानेच,
ओरडून ओरडून.)
मी म्हटलं, आधी त्याची सायकल ने.
मग त्याला.
तिने माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे,
खांदे उडवले.
पैसे तेवढेच पडतात, म्हणाली,
आणि नाव वळवली.